घर बदलते तेव्हा ससा

पाठीवर पान पडले आणि आभाळच कोसळले असे समजून पळत सुटलेला ससा आपल्या सर्वांच्या लहानपणापासून ओळखीचा आहे. गोष्ट ऐकताना आपण त्याला पोटभर हसलो. पण खरे सांगा, त्यात त्या बिचाऱ्याचे चुकले काय? ज्याला ना शिंगे, ना सुळे, त्याने वेळीच भ्यावे हेच शहाणपण. आपल्या घरातला ससाही हा भिण्याचा वारसा बरोबर घेऊनच येतो.

मात्र चाकणकडच्या माळावर दिसणारा करडा ससा वेगळा आणि घरचा ससा वेगळा, बरे का! माळावरचा उघड्यावर राहतो आणि पळून जीव वाचवतो. तो रानचा जीव; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला घरी पाळण्यास बंदी आहे. घरच्या सशाचे पूर्वज युरोपातले, जमिनीत बिळे करून जमावाने राहणारे. संकट आले की बिळात शिरायचे, ही त्यांची रीत. आपले घर म्हणजे त्याचे बीळच म्हणा ना. तेच हलले, तर त्याने शिरावे कुठे?

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे एक कुटुंब चिंचवडहून चाकणला राहायला गेले. वडिलांची नोकरी तिकडे, रोजची ये-जा नकोशी झालेली. मुलीचा ससाही टेम्पोतून गेला. जुना पिंजरा मोडका म्हणून टाकला, नवा आणला. घराला नुकताच रंग दिलेला. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला, "काका, तो काही खातच नाही हो." मी म्हणालो, "नवी जागा आहे, रमेल हळूहळू." तिसऱ्या दिवशी ससा गेला. माझा सल्ला माणसासाठी ठीक होता; सशासाठी नव्हता. म्हणून हे सारे सांगतो आहे.

माणूस रुसून एक दिवस उपाशी राहिला तर फारसे बिघडत नाही. सशाचे तसे नाही. त्याच्या पोटात गवत आंबवणारी एक मोठी पिशवी असते आणि ते काम असंख्य सूक्ष्म जंतू करतात. ही गिरणी सतत चालू राहावी लागते. भीतीने आतड्यांची हालचाल मंदावते, वायू धरतो, पोट दुखते. दुखते म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून हालचाल आणखी मंदावते. सशाला उलटीही होत नाही. तेव्हा दहा-बारा तास त्याने काही खाल्ले नाही, किंवा लेंड्या बारीक झाल्या वा थांबल्या, तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.

त्या वेळेस घरगुती औषध मात्र देऊ नका. पिंपरीचे नाव पेनिसिलिनशी जोडलेले आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या इथल्या कारखान्यातून ते बाहेर पडू लागले आणि पुष्कळ माणसांचे प्राण वाचले. पण तेच औषध तोंडावाटे सशाच्या पोटात गेले, तर उपकारक जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससा दगावू शकतो.

मग करावे काय? पहिली गोष्ट, सगळे एकदम बदलू नका. घर बदलले तर पिंजरा जुनाच राहू द्या. गवत आणि भाजी नेहमीचीच द्या. पिंजऱ्यातले फडके लगेच धुऊ नका, कारण त्याचा वास हीच सशाची ओळखीची खूण. एक साधा पुठ्ठ्याचा खोका, दोन बाजूंनी भोके पाडून, कोपऱ्यात ठेवा. तेच त्याचे बीळ. त्यात शिरला तर ओढून बाहेर काढू नका. रंगाचा वास जाईपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. सामान हलवायचे ते सकाळच्या गारव्यात. सशाला घाम येत नाही आणि तिशीपुढचे तापमान त्याला सोसत नाही. दिवाळीचे फटाके असोत, घरी आलेले तान्हे बाळ असो, नियम तोच. तो मागचा पाय जमिनीवर आपटू लागला, तर समजा की तो भ्याला आहे.

आपल्या या पट्ट्यात आणखी एक बदल नेहमीचाच: पाळी. या आठवड्यात पहिली, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. ससा मात्र पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडणारा प्राणी. त्याचे घड्याळ भोंग्यावर चालत नाही. म्हणून त्याच्या खाण्याचे काम जिला पाळी नाही, अशा घरच्या आजीकडे किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाकडे सोपवा, आणि वेळ ठरलेली ठेवा.

ससा रमेल, नक्की रमेल. पण त्याचे बीळ, त्याचा वास आणि त्याची वेळ तुम्ही सांभाळली तर. नव्या घरातल्या पहिल्या रात्री दिवा मालवण्यापूर्वी एवढे मात्र पाहा, की त्याच्यापुढचे गवत थोडे तरी कमी झाले आहे ना?