हळद, प्रकाश आणि रोगजंतू

उंब्रज येथे तारळीला पोटात घेऊन कृष्णा कराडवरून पुढे सांगलीकडे ज्या मुलुखातून वाहत जाते, तेथे हळद ही केवळ फोडणीची आणि कुंकवाशेजारची वस्तू नसून, शिवारापासून अडत्याच्या पेढीपर्यंत असंख्य कुटुंबांच्या चरितार्थाचा आधार आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जखमेवर हळद दाबण्याचा रिवाज तर इतका प्राचीन, की १९९५ साली अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीच्या जखम भरण्याच्या गुणाचे पेटंट बहाल केले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे दाखले रुजू करून १९९७ साली ते रद्द करविले. मात्र त्या निकालाने हळदीचे ज्ञान जुने ठरले. तिच्या सामर्थ्याचे मोजमाप हा स्वतंत्र विषय होता.

त्या मोजमापात प्रकाशाचे साहाय्य महत्त्वाचे ठरले आहे. काही रंगद्रव्ये प्रकाशात सूक्ष्मजीवांना मारक ठरतात, हे म्युनिकमधील ऑस्कर राब या विद्यार्थ्याने १९०० साली प्रसिद्ध केले होते. हळदीला पीतवर्ण देणारे कर्क्युमिन हे तशाच जातीचे द्रव्य असून, सुमारे ४२० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ते शोषून घेते आणि ती ऊर्जा सभोवतालच्या प्राणवायूला देते; मग तो उग्र बनलेला प्राणवायू जंतूचे आवरण, प्रथिने आणि जनुकद्रव्य यांवर एकदम तुटून पडतो. प्रतिजैविकाचा रोख बहुधा एखाद्याच मर्मावर असल्यामुळे जंतू त्यातून निसटण्याची युक्ती साधतात. चहूंकडून होणाऱ्या या माऱ्यापुढे निसटणे त्यांना कठीण जाते.

तथापि कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळते, दुहेरी आवरणाचे जंतू त्याला सहजी दाद देत नाहीत आणि निळा प्रकाश देहात फार खोल शिरत नाही. म्हणूनच संशोधकांचा भर हिरड्या, त्वचा, उघड्या जखमा आणि फळभाज्यांचे पृष्ठभाग यांवर आहे. शिवाय लुगड्यावरचा हळदीचा डाग ज्या कारणाने उन्हात उडतो, त्याच कारणाने प्रकाशात कर्क्युमिनही झिजत जाते. तेव्हा हळद फासून उन्हात बसणे म्हणजे हा उपचार नव्हे. द्रव्याची शुद्धता, प्रकाशाचा वर्ण व मात्रा आणि प्रयोगाची मुदत निश्चित झाल्यावाचून आजीबाईच्या बटव्यातील या औषधाला रुग्णालयात अधिकाराने प्रवेश मिळणार नाही.