कोट कुठाय?

जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की माझा फोन वाजायला लागतो. “काकू, लेक मंगळवारी न्यूयॉर्कला उतरतेय. पुढे सिरॅक्यूजपर्यंत नीट पोचेल ना?” फोन कधी साताऱ्याहून, कधी मडगावहून. मी इथे बावीस हिवाळे काढलेत, म्हणजे हवामान खातं माझ्याच घरी भरतं असा समज.

माझा पहिला प्रश्न ठरलेला: कोट कुठाय? “मोठ्या बॅगेत.” मुंबईच्या विमानतळावर जाड कोट कोण अंगावर घेणार, तेही खरंच. पण बॅग मागे राहिली, तर उणे पंधरामध्ये बसची वाट बघायची ती स्वेटरवर. कोट, टोपी, हातमोजे, औषधं हातातल्या बॅगेत. बूट पायात.

मग आईवडील सांगतात, “फोनवर उणे चारच दाखवतोय.” तापमानावरून इथलं काही कळत नाही. कॅनडाकडून येणारा कोरडा, गार वारा लेक ऑन्टेरिओच्या त्यामानाने कोमट पाण्यावरून जाताना बाष्प उचलतो आणि किनारा ओलांडला की त्याचा बर्फ करून ओततो. तोही पट्ट्यापट्ट्यांनी. एका गावात लख्ख ऊन, दहा मैलांवर पुढच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत. बफेलोजवळचा लेक ईरी उथळ, जास्तीत जास्त 64 मीटर. त्यावर दुधावर साय धरावी तसा बर्फ धरला की हा उद्योग मंदावतो. आमचा ऑन्टेरिओ 244 मीटर खोल. तो सहसा पूर्ण गोठत नाही, त्यामुळे आम्हाला फेब्रुवारीतही सुटका नाही. म्हणून मुक्कामाच्या गावाचं नव्हे, न्यूयॉर्कपासूनच्या चारशे किलोमीटरच्या सगळ्या वाटेचं हवामान बघायचं.

एकदा मी स्वतः एका मुलाला आणायला गेले आणि परतताना हायवेवर तीन तास अडकले. हीटर लावून, चकल्या खात आम्ही मजेत बसलो होतो. एका ट्रकवाल्याने काचेवर टकटक केली. “एग्झॉस्ट मोकळा केलात का?” मागे जाऊन बघते तर धुराचा पाइप बर्फात पूर्ण गाडलेला. तो धूर आत आला असता तर कळलंही नसतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तेव्हापासून डिकीत फावडं असतं. अडकलं तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. आधी पाइप मोकळा करायचा, इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवायचं, काच बोटभर खाली ठेवायची. डिसेंबर 2022 च्या बफेलोच्या हिमवादळात चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यांतली काही अडकलेल्या गाड्यांत सापडली, काही रस्त्यावर.

पण खरा झगडा बर्फाशी नसतो, “पहिलं लेक्चर बुडेल” याच्याशी असतो. अहो, प्राध्यापकांना एक ईमेल टाकली की भागतं. गेल्या वर्षी नागपूरच्या एका बाबांना मी सांगितलं, लेकीला दोन दिवस न्यूयॉर्कजवळच्या एडिसनला ओळखीच्यांकडे राहू द्या. बसचं तिकीट वाया जाणार म्हणून ते माझ्यावर चिडले. ती राहिली, पोहे खाल्ले, गुरुवारी रस्ते साफ झाल्यावर आली. बसमधून उतरली तेव्हा अंगावर एडिसनच्या काकूंचा कोट होता. तिचा स्वतःचा मोठ्या बॅगेत, आणि बॅग फ्रँकफर्टला.