गळ्यातली तारा

मागच्या वेळी आपण शून्यतेवर बोलत होतो. शेवटी एक चिठ्ठी आली होती: सगळे शून्य, तर बौद्ध लोक चित्रे पुजतात कशाला आणि गळ्यात घालतात कशाला? आज गळ्यापासूनच सुरुवात करू.

हे लॉकेट आम्ही मुद्दाम आणले आहे. जुन्या रुपयाएवढे आहे, मागच्यांना दिसणार नाही, नंतर हातात घेऊन पाहा. चांदीची चौकट, वर काच, आत हिरवी तारा. उजवा पाय पुढे, म्हणजे उठायच्या बेतात. उजवा हात वरदमुद्रेत. डाव्या हातात निळे कमळ. काठमांडूला बौद्धनाथ स्तूपाभोवतीच्या दुकानांत अशी लॉकेटे भरपूर मिळतात.

ही आजची फॅशन आहे असे समजू नका. तिबेटात ‘गाऊ’ नावाची धातूची डबी फार जुनी. (आपल्या ‘गाऊ या’शी तिचा काही संबंध नाही.) आत मंत्रांच्या गुंडाळ्या, मातीच्या छोट्या मुद्रा, एखादे चित्र, काही डब्यांना पुढून खिडकी, म्हणजे आतली देवता दिसते. बायका पिरोजा जडवलेली डबी गळ्यात घालतात, प्रवासी पुरुष मोठी डबी पट्ट्याने खांद्यावरून अडकवतात. प्रवासात देव्हारा बरोबर. कारण भीतीही प्रवासाचीच. तारा 8 महाभयांतून तारते ती म्हणून. आपल्या औरंगाबाद लेण्यांपैकी क्रमांक 7 मध्ये अवलोकितेश्वराभोवती अशीच 8 संकटे कोरलेली आहेत. आग, चोर, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. व्यापारी मार्गावरच्या माणसाची यादी आहे ही!

आता चित्राकडे. थांगका काढायचा म्हणजे सुती कापड चौकटीवर ताणायचे, सरस आणि पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचे. मग रेषांची जाळी. बुद्धाची उंची एका परंपरेत 125 अंगुळे, दुसरीत 120. आता बघा, हे अंगुळ म्हणजे तुमचे-आमचे बोट नव्हे. ते त्या आकृतीचेच माप. आकृती लहान झाली की अंगुळही लहान होते. म्हणून भिंतभर तारा आणि नखाएवढी तारा, दोघी मापाने अगदी सारख्या. लहान चित्र म्हणजे मोठ्याची काटकसर, असे त्या चित्रकाराला वाटत नाही. हिंगूळ, निळ्या-हिरव्या खनिजांची पूड, सोन्याची पूड, हे सारे सरसात कालवलेले. डोळे सर्वांत शेवटी उघडतात. चित्राच्या पाठीवर कपाळ, कंठ आणि हृदय यांच्या जागी ॐ, आः, हूँ ही अक्षरे लिहितात, आणि मग प्रतिष्ठा.

आता चिठ्ठीतला प्रश्न. साधक ध्यानात देवता शून्यातून उभी करतो आणि शेवटी पुन्हा शून्यात विरघळवतो. ती कशी दिसते हे नीट ठाऊक नसेल तर उभी काय करणार? चित्र त्यासाठी. म्हणजे शून्यता आणि चित्र यांचे भांडण नाहीच.

पण आमचे भांडण दुसरीकडे आहे, तेही सांगतो. हे लॉकेट आमच्या पत्नीने घेतले होते. दुकानदाराने ‘हाताने काढलेले’ म्हणून तशी किंमत लावली. पुढे सहा वर्षे, आजारपणातसुद्धा, तिने ते काढले नाही. तिच्यामागे एकदा सहज भिंगाखाली धरले, तर चेहऱ्यावर, हातांवर, कमळावर छपाईचे बारीक बारीक ठिपके! हाताच्या होत्या त्या मुकुटावरच्या चार-दोन सोनेरी रेषा.

एका विद्यार्थ्याने आमची समजूत घातली: सर, सगळेच शून्य, छापील काय नि रंगवलेले काय? आम्ही त्याला पास केले नसते. चंद्रकीर्ती व्यवहारसत्यातही भेद करतात. निर्दोष इंद्रियांना दिसते ते व्यवहारात खरे. डोळ्याला विकार असताना दिसते ते व्यवहारातही खोटे. शून्यता सांगून खोटा माल खपवता येत नाही. आणि तिकडे पाटणमध्ये कोणी कारागीर खरोखर भिंग लावून नखाएवढा चेहरा काढत बसलेला असतो, त्याची मजुरी या ठिपक्यांनी बुडते.

तिबेटी लोक एक गोष्ट सांगतात. भारतात व्यापाराला जाणाऱ्या मुलाला म्हातारी म्हणाली, बुद्धाचा एखादा अवशेष आण. तो दरवेळी विसरायचा. शेवटी घराजवळ आल्यावर आठवण झाली, तेव्हा वाटेवरच्या मेलेल्या कुत्र्याचा दात उपटून त्याने रेशमात गुंडाळून दिला. म्हातारीने मनोभावे पूजा केली आणि त्या दातातून पवित्र मोती निघू लागले. ही गोष्ट नेहमी श्रद्धेचे सामर्थ्य म्हणून सांगतात, आणि म्हातारीपुरते ते बरोबर आहे. मुलगा मात्र त्यातून सुटत नाही. त्याने आईला फसवलेच.

आमच्या घरातली म्हातारी फसली होती की नव्हती, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. दुकानदाराबद्दल शंका नाही.

भिंगही आणले आहे. पण आधी नुसत्या डोळ्यांनी बघा, मग भिंगातून. आणि काचेवर बोट लावू नका, कडेची चांदी सैल झाली आहे.