होलीरूडचे दप्तर

मार्च 2022 मध्ये स्कॉटलंडच्या महालेखापरीक्षकांनी दोन बोटींविषयी अहवाल दिला. क्लाइड नदीकाठच्या पोर्ट ग्लासगो इथल्या फर्ग्युसन गोदीला या बोटी बांधण्याचे 9 कोटी 70 लाख पौंडांचे कंत्राट 2015 मध्ये मिळाले होते. किनाऱ्यापलीकडच्या बेटांवर माणसे आणि मोटारी नेणाऱ्या या फेरीबोटी 2018 मध्ये पाण्यावर दिसायला हव्या होत्या. अहवाल आला तेव्हा एकही बोट सेवेत आलेली नव्हती, गोदी सरकारला ताब्यात घ्यावी लागली होती आणि खर्चाचा अंदाज किमान 24 कोटी पौंडांवर गेला होता. तरी अहवालातले सर्वात बोचरे निरीक्षण पैशांचे नव्हते. गोदीकडून पूर्ण परतफेडीची हमी मिळत नव्हती आणि बोटी घेणाऱ्या सरकारी कंपनीला ही जोखीम उघड खटकत होती. असे असताना मंत्र्यांनी ती का पत्करली, हे सांगणारा पुरेसा कागदच सापडत नाही, असे लेखापरीक्षकांनी नोंदवले. विरोधकांनी सरकारला धारेवर धरले आणि मे महिन्यात सरकारने एक ईमेल प्रसिद्ध केला. त्याची तारीख होती 9 ऑक्टोबर 2015, आणि त्यात परिवहन मंत्र्यांच्या संमतीची नोंद होती.

एक होकार उजेडात यायला साडेसहा वर्षे लागली. यावरून एखादा म्हणेल की निवडून आलेल्या सभासदांचे प्रश्न निरुपयोगी असतात. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. सभासदाने विचारले आणि सत्य बाहेर पडले, असे कोणत्याच सभागृहात सहसा होत नाही. प्रश्नाचे पहिले काम दप्तर तयार करण्याचे असते: सरकार अमुक तारखेला अमुक बोलले, याची नोंद. ती नोंद वर्षानुवर्षे मुकी पडून राहते. सरकारला सभागृहातल्या संख्येची धास्ती वाटू लागते तेव्हा ती बोलू लागते. उत्तरदायित्व या भारदस्त शब्दामागे दप्तर आणि बहुमत अशा दोनच गोष्टी उभ्या आहेत. त्यांचा मेळ कसा बसतो आणि कुठे फसतो, हे पाहायला एडिंबराच्या होलीरूड भागातली स्कॉटिश संसद हे चांगले उदाहरण आहे.

11 सप्टेंबर 1997 च्या सार्वमतात 74.3 टक्के मतदारांनी या संसदेच्या बाजूने कौल दिला. 1998 चा स्कॉटलंड कायदा झाला, मे 1999 मध्ये पहिली निवडणूक झाली आणि 1 जुलै 1999 रोजी सत्ता प्रत्यक्ष हाती आली. कायद्याची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, स्थलांतर असे जे विषय लंडनने स्वतःकडे ठेवले, तेवढ्यांचीच यादी कायद्यात आहे. आरोग्य, शिक्षण, पोलीस, स्थानिक स्वराज्य असे उरलेले सारे एडिंबराचे. मराठी वाचकाला यासाठी नवे शब्द शोधावे लागत नाहीत. 1919 च्या सुधारणा कायद्याने मुंबई इलाख्यात द्विदल राज्यपद्धती आली, तेव्हाच आपल्याकडे ‘सोपीव खाती’ आणि ‘राखीव खाती’ हे शब्द रुळले होते. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती कायदे कौन्सिलला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे, तर वित्त, पोलीस आणि जमीन महसूल गव्हर्नरच्या कारभाऱ्यांकडे. त्या कौन्सिलची दातखीळ कुठे बसत होती, हेही आपल्या इतिहासात आहे. सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव ऑगस्ट 1923 मध्ये मंजूर झाला. सरकारने आदेशही काढला. तरी महाडचे चवदार तळे मोकळे करण्यासाठी 1927 मध्ये सत्याग्रह करावा लागला. सभागृहाने ठराव करणे आणि तो अंमलात येणे यांत केवढे अंतर असते, हे तेव्हापासून ठाऊक आहे.

होलीरूडच्या घटनाकारांनाही हे ठाऊक असावे. त्यांनी 129 जागांपैकी 73 मतदारसंघांतून आणि 56 प्रादेशिक याद्यांमधून भरण्याची पद्धत घेतली, म्हणजे एका पक्षाच्या हाती सहजासहजी बहुमत जाऊ नये. वरिष्ठ सभागृह ठेवले नाही. त्याची उणीव भरून काढायला समित्यांना दुहेरी काम दिले: विधेयकाची कलमवार छाननीही त्यांनीच करायची आणि खात्याच्या कारभाराची चौकशीही त्यांनीच. साक्षीदार आणि कागदपत्रे मागवण्याचा अधिकार त्यांना कायद्यानेच आहे. स्पॅनिश वास्तुविशारद एनरिक मिरालेस यांनी आखलेल्या सभागृहात बाके समोरासमोर न ठेवता अर्धवर्तुळात मांडली, त्यामागेही लंडनच्या वेस्टमिन्स्टर संसदेतली झुंज टाळण्याचा हेतू होता. गंमत अशी की या इमारतीचा खर्च 41 कोटी पौंडांवर गेला आणि 2004 मध्ये तिचे औपचारिक उद्घाटन झाले तेव्हा तिच्याच खर्चाची चौकशी पूर्ण झालेली होती.

या व्यवस्थेचा सर्वांना दिसणारा चेहरा म्हणजे गुरुवार दुपारचा बाराचा ठोका. पाऊण तासभर फर्स्ट मिनिस्टर उभ्या उभ्या प्रश्न झेलतात, विरोधी नेते संध्याकाळच्या बातम्यांत बसेल असे वाक्य फेकतात, बाके वाजतात. या खेळाला कमी लेखू नये. सरकारच्या प्रमुखाला दर आठवड्याला सगळ्या खात्यांची माहिती करून यावे लागते आणि त्या धाकाने सचिवालयातल्या कितीतरी फायली हलतात. पण दप्तर भरते ते दुसरीकडे, लेखी प्रश्नांत. कोणताही सभासद कितीही लेखी प्रश्न देऊ शकतो. प्रत्येकाला क्रमांक मिळतो, उत्तर साधारणपणे दहा कामकाजी दिवसांत आणि दीर्घ सुट्टीच्या काळात वीस दिवसांत यावे असा नियम आहे, आणि प्रश्न, उत्तर, दोन्हींच्या तारखा सर्वांना पाहता येतात. आपल्याकडच्या अतारांकित प्रश्नाचाच हा भाऊबंद, कारण दोघांचे मूळ वेस्टमिन्स्टरमध्ये आहे. ‘हे खरे आहे काय’ असे विचारून ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे उत्तर घेण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना होलीरूडचे ठरलेले वाक्यही ओळखीचे वाटेल: ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. उत्तर वेळेत द्या असे नियम सांगतो, चांगले द्या असे सांगू शकत नाही. उत्तर बरोबर की चूक, हे ठरवणे सभापतींच्या कक्षेत येत नाही. जाणूनबुजून दिशाभूल करणाऱ्या मंत्र्याने पद सोडावे असे मंत्र्यांची आचारसंहिता म्हणते, पण तिचा अखेरचा निवाडा फर्स्ट मिनिस्टरांकडेच असतो. मग या कागदी घोड्यांचा उपयोग काय? उपयोग असा की पोकळ उत्तरही पुरावा असते. ‘माहिती ठेवली जात नाही’ असे लेखी दिलेल्या खात्याला पुढे त्याच विषयात यश मिरवता येत नाही. आज ‘काम वेळेत होईल’ असे लिहून देणाऱ्या मंत्र्याच्या जागी तीन वर्षांनी दुसरा बसलेला असतो, वाक्य मात्र जागेवर असते. फेरीबोटींच्या प्रकरणात आधी ग्रामीण अर्थकारण व दळणवळण समितीने 2020 मध्ये अहवाल दिला, मग महालेखापरीक्षकांनी, मग 2023 मध्ये लोकलेखा समितीने. प्रत्येकाला आधीच्याने रचलेल्या ढिगावर उभे राहता आले. त्या दोन बोटींपैकी ‘ग्लेन सॅनॉक्स’ जानेवारी 2025 मध्ये प्रवासी घेऊन निघाली. प्रश्नांनी ती लवकर बांधली गेली नाही हे खरे, पण उशिराचे खापर कुणाच्याही माथी फोडून मोकळे होण्याची सोय त्यांनी ठेवली नाही.

दप्तराला धार येते ती सभागृहातल्या संख्येने, आणि याची दोन उदाहरणे एकाच वर्षभरातली आहेत. 2020 मध्ये महासाथीमुळे शाळांच्या परीक्षा रद्द झाल्या आणि शिक्षकांच्या अंदाजावर परीक्षा मंडळाने आपले गणित चालवले. 4 ऑगस्टला निकाल लागले. सुमारे सव्वा लाख निकाल खाली ओढले गेले होते. बारावीच्या तोडीच्या ‘हायर’ परीक्षेत सर्वात गरीब वस्त्यांमधल्या मुलांचे उत्तीर्णतेचे प्रमाण शिक्षकांच्या अंदाजापेक्षा 15.2 टक्केबिंदूंनी घटवले होते, तर सर्वात सधन वस्त्यांमध्ये ही घट 6.9 होती. हे आकडे खुद्द मंडळाने प्रसिद्ध केलेले, म्हणून नाकारता येत नव्हते. सरकार अल्पमतात होते. शिक्षणमंत्री जॉन स्विनी यांच्यावर अविश्वास ठराव दाखल झाला, आणि 11 तारखेला त्यांनी खाली आणलेले निकाल मागे घेतले. दोन दिवसांनी ठराव मतदानाला आला तेव्हा ग्रीन पक्षाच्या साथीने ते 67 विरुद्ध 58 मतांनी तरले. आठवडाभरात धोरण उलटले.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तिथे सभागृहाचा शब्द आधी पायदळी गेला. माजी फर्स्ट मिनिस्टर ॲलेक्स सामंड यांच्याविरुद्धच्या तक्रारी सरकारने ज्या रीतीने हाताळल्या, ती रीत जानेवारी 2019 मध्ये न्यायालयात टिकली नाही आणि सरकारला त्यांच्या खर्चापोटी पाच लाख पौंडांहून जास्त रक्कम द्यावी लागली. पुढे फौजदारी खटल्यातही ज्यूरीने सामंड यांना दोषमुक्त केले. हरणारा दावा सरकारने इतके दिवस का लढवला, हे शोधणाऱ्या समितीला सरकारला मिळालेला कायदेशीर सल्ला हवा होता. नोव्हेंबर 2020 मध्ये सभागृहाने एकदा नव्हे, दोनदा मतदान करून तो मागितला. सरकार ढिम्म. मार्च 2021 मध्ये स्विनी यांच्यावर पुन्हा अविश्वास ठरावाची टांगती तलवार आली, आणि कागद बाहेर आले. तोच सल्ला, तीच समिती, तेच नियम. बदलले ते एवढेच की नकाराची किंमत आता मंत्रिपद होती.

यावर दुसरा आक्षेप असा की मग सारे बहुमतावरच असेल, तर बहुमतातले सरकार मोकाट सुटते. हा आक्षेप खरा आहे आणि होलीरूडने तो अनुभवला आहे. बहुमत मिळू नये म्हणून आखलेल्या पद्धतीतही 2011 मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीला 69 जागा मिळाल्या आणि पाच वर्षे समित्यांमध्येही सत्ताधाऱ्यांचे पारडे जड राहिले. छोट्या सभागृहात पक्षादेशाची पकड घट्ट असते, आणि आपल्याच मंत्र्याला उघडे पाडणारा सदस्य पुढच्या निवडणुकीच्या यादीत कितव्या क्रमांकावर असेल, हे पक्षच ठरवतो. पण म्हणूनच दप्तर राखणे महत्त्वाचे. बहुमत कायमचे नसते. एप्रिल 2024 मध्ये तत्कालीन फर्स्ट मिनिस्टर हमझा युसुफ यांनी ग्रीन पक्षाबरोबरचा करार मोडला आणि चारच दिवसांत त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. ज्या दिवशी संख्या डळमळते, त्या दिवशी विरोधकांच्या हाती नेमके काय असते, हे मधल्या शांत वर्षांत किती प्रश्न विचारले गेले यावर ठरते.

तिसरा आक्षेप सोपीव सत्तेच्या स्वभावातलाच आहे: एडिंबराने लंडनकडे बोट दाखवायचे, लंडनने एडिंबराकडे. अमली पदार्थांच्या बळींचा प्रश्न याचा दाहक पुरावा आहे. 2020 मध्ये स्कॉटलंडमध्ये 1,339 जण या कारणाने दगावले. 1971 चा अमली पदार्थविषयक कायदा राखीव यादीतला, त्यामुळे देखरेखीखाली सेवन करता येईल अशी केंद्रे काढण्यास आपले हात बांधलेले आहेत, असे एडिंबराचे सरकार सांगत आले. कायदेशीर दृष्ट्या ते खोटे नव्हते. पण उपचार, पुनर्वसन आणि त्यांवरचा खर्च ही सोपीव खाती होती, आणि सभासदांच्या प्रश्नांनी वाद तिकडे ओढत नेला. डिसेंबर 2020 मध्ये सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले ते याच मुद्द्यावर. पुढे 2023 मध्ये स्कॉटलंडच्या मुख्य सरकारी अभियोक्त्यांनी, म्हणजे लॉर्ड ॲडव्होकेटांनी, अशा केंद्रात येणाऱ्यांवर खटले भरणे जनहिताचे नाही असा पवित्रा घेतला, आणि जानेवारी 2025 मध्ये ग्लासगोत ‘द थिसल’ हे केंद्र सुरू झाले. या बाबतीत लंडनचा कायदा शब्दानेही बदलला नव्हता. म्हणजे बांधलेल्या हातांनाही थोडी हालचाल शक्य होती. दोन सत्तांमधली सीमारेषा कागदावर ठळक दिसते. ती प्रत्यक्षात कुठे आहे, हे पुन्हा पुन्हा विचारल्यावरच कळते.

राहिला खर्चाचा आक्षेप: एकेका उत्तरामागे अधिकाऱ्यांचे तास जातात आणि निम्मे प्रश्न पत्रकात छापण्यापुरते असतात. असतील. पण कोणता प्रश्न पोकळ आणि कोणता पुढे कामी येणारा, हे विचारण्याच्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. 2015 च्या त्या ऑक्टोबरात दोन बोटींच्या हमीविषयी विचारणारा सभासद कंटाळवाणा ठरला असता. परतफेडीची हमी का नाही, होकार कुणी दिला, तो कुठे नोंदला आहे, असे तीन साधे लेखी प्रश्न तेव्हा विचारले गेले असते, तर दहा कामकाजी दिवसांत सरकारला काहीतरी लिहून द्यावे लागले असते. मग ते उत्तर टोलवाटोलवीचे का असेना, साडेसहा वर्षांनी एका ईमेलसाठी सारे दप्तर उपसायची पाळी आली नसती.