थकवा : हृदयाचा पहारेकरी

यवतमाळ जिल्ह्यात पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण भल्या पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. या भरतीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर धावावे लागते. धावताना स्नायूंना अधिक प्राणवायू हवा असतो. तो पुरविण्यासाठी हृदय जलद चालू लागते. शक्तीची सीमा जवळ आली की थकवा जाणवतो. थकवा म्हणजे हृदयाचा पहारेकरीच होय.

उत्तेजक द्रव्ये या पहारेकऱ्यास गप्प करतात. अॅम्फेटामिनने हृदयाची गती व रक्तदाब वाढतो. परंतु थकवा जाणवत नाही. एरिथ्रोपोएटिनने रक्तातील तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते, हृदयावर भार पडतो आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचे भय असते.

१३ जुलै १९६७ रोजी फ्रान्समधील सायकल शर्यतीत टॉम सिम्प्सन हा २९ वर्षांचा इंग्रज खेळाडू भर उन्हात डोंगर चढताना कोसळला व मरण पावला. त्याच्या शरीरात अॅम्फेटामिन आढळले. वऱ्हाडच्या उन्हात धावणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. नियमित सराव, सकस आहार व पुरेशी विश्रांती यांनीच हृदय बळकट होते. हा मार्ग दीर्घ खरा, परंतु तोच सुरक्षित आहे.