‘एक्झॉस्टेड’ : नुसता थकवा नव्हे, उपसा!

परभणी – एप्रिल-मे महिन्यांत परभणी जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. भर उन्हातून परतलेला शेतकरी ‘दमलो’ म्हणून ओसरीवर टेकतो. शहरात नोकरी करणारा त्याचा मुलगा सायंकाळी ‘एक्झॉस्टेड’ झाल्याचे सांगतो. हे दोन शब्द समानार्थी वाटत असले, तरी त्यांत महत्त्वाचा फरक आहे.

‘एक्झॉस्ट’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘हाउरिरे’ म्हणजे पाणी काढणे. विहीर तळापर्यंत उपसावी, तसा ज्याच्या शक्तीचा उपसा झाला आहे, तो ‘एक्झॉस्टेड’. म्हणूनच हे विशेषण माणसाप्रमाणे वस्तूंनाही लागते. खाणीतील कोळसा, जमिनीचा कस, कर्मचाऱ्याची शिल्लक रजा हे सारे ‘एक्झॉस्ट’ होते, म्हणजे संपते. स्वयंपाकघरातील धूर बाहेर काढणारा ‘एक्झॉस्ट फॅन’ही याच कुळातला.

साध्या दमण्याला इंग्रजीत ‘टायर्ड’ हा शब्द पुरेसा आहे. ‘एक्झॉस्टेड’मध्ये पराकोटी आधीच अभिप्रेत असल्याने त्याआधी ‘व्हेरी’ लावणे जाणकारांना खटकते. ‘कम्प्लीटली’ किंवा ‘ॲब्सोल्युटली’ चालते. थकवणारे काम ‘एक्झॉस्टिंग’ असते. ‘एक्झॉस्टिव्ह’ यादी मात्र थकवणारी नव्हे, तर काहीही न वगळलेली, सर्वसमावेशक असते. उच्चारात ‘ह’ येत नाही. मराठीत गलितगात्र होणे किंवा मेटाकुटीला येणे हे याचे जवळचे पर्याय होत.

उन्हाळ्यात हा भेद केवळ भाषेपुरता उरत नाही. वैद्यकशास्त्रातील ‘हीट एक्झॉशन’ या अवस्थेत घामावाटे शरीरातील पाणी आणि क्षार खरोखरच उपसले जातात. भरपूर घाम, चक्कर, मळमळ, डोकेदुखी, गार व ओलसर त्वचा ही त्याची लक्षणे होत. अशा व्यक्तीला ‘दमला आहे, झोपू द्या’ म्हणून एकटे सोडणे धोक्याचे ठरते. तिला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंग ओल्या कापडाने पुसावे आणि घोट-घोट पाणी किंवा जलसंजीवनी द्यावी. ती असंबद्ध बोलू लागली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. तोंडात पाणी न ओतता अंग गार करीत राहावे आणि विनाविलंब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.