कॅमेऱ्याने पाहिलेल्या आपत्ती

एखाद्या आपत्तीवरील माहितीपट पाहताना त्यातील जुनी, कृष्णधवल, ओरखडे पडलेली दृश्ये आपण निःशंक मनाने स्वीकारतो. नटांनी वठवलेल्या प्रसंगाबद्दल शंका घ्यायला जागा असते. घटना घडत असताना टिपलेले चित्र मात्र आपण साक्षात पुरावा मानतो. ही धारणा अर्धीच खरी आहे. चित्र खरे असले तरी ते कोठे जोडले, कोणत्या वेगाने दाखवले आणि त्याखाली कोणता आवाज घातला, यावर त्याचा अर्थ ठरतो.

जुन्या चित्रफिती जुळवून नवा चित्रपट उभा करण्याची पद्धत बरीच जुनी आहे. सोव्हिएत दिग्दर्शिका एस्फिर शुब यांनी 1927 मध्ये रशियाच्या झारशाहीच्या अस्तावरील आपला चित्रपट याच रीतीने तयार केला. त्यासाठी त्यांनी जुने वृत्तपट आणि खुद्द राजघराण्यासाठी घेतलेली चित्रणे वापरली. जी दृश्ये वैभव मिरवण्यासाठी टिपली गेली होती, तीच कष्टकऱ्यांच्या दृश्यांशेजारी ठेवताच त्या वैभवावरील आरोपपत्र ठरली. संकलकाच्या टेबलावर जुन्या चित्राला नवा अर्थ मिळतो, हे तेव्हाच सिद्ध झाले.

आपत्तींच्या बाबतीत याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘हिंडेनबर्ग’ हे जर्मन हवाई जहाज. 6 मे 1937 रोजी संध्याकाळी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, लेकहर्स्ट येथे उतरत असताना हायड्रोजन वायूने भरलेले हे महाकाय जहाज पेटले आणि सुमारे अर्ध्या मिनिटात त्याचा सांगाडा उरला. जहाजावरील 97 जणांपैकी 35 जण आणि जमिनीवरील एक कर्मचारी, असे 36 जण मृत्युमुखी पडले. त्या हंगामातील जहाजाची ही अमेरिकेची पहिलीच फेरी असल्याने वृत्तपट कंपन्यांचे कॅमेरे तेथे सज्ज होते. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनची समाचारचित्रे मुख्य चित्रपटाआधी दाखवली जात, तसेच हे वृत्तपट तेथील चित्रपटगृहांत दाखवले जात.

शिकागोच्या एका रेडिओ केंद्राचे निवेदक हर्बर्ट मॉरिसन हेही तेथे होते. त्यांचे भावनावश, रडवेले निवेदन आज जवळजवळ प्रत्येक माहितीपटात त्या ज्वाळांच्या दृश्याबरोबर ऐकू येते. त्यामुळे ते निवेदन त्या क्षणी थेट प्रसारित झाले असावे आणि चित्राबरोबरच मुद्रित झाले असावे, असा समज रूढ झाला. वास्तव निराळे आहे. मॉरिसन यांचा आवाज स्वतंत्रपणे तबकडीवर मुद्रित झाला होता आणि तो नभोवाणीवरून ऐकवला गेला दुसऱ्या दिवशी. चित्र आणि आवाज यांची सांगड पुढे संकलकांनी घातली. दोन्ही गोष्टी अस्सल, पण त्यांचे एकत्र येणे ही नंतरची रचना आहे.

यातही एक लक्षणीय उणीव आहे. जहाजाने पेट घेतला तो नेमका क्षण वृत्तपटांच्या कॅमेऱ्यांत नाही; उपलब्ध दृश्ये सुरू होतात तेव्हा आग भडकलेली असते. म्हणजे ‘आग कशी लागली’ या मूळ प्रश्नावर ही जगप्रसिद्ध दृश्ये मौन बाळगतात. एका हौशी चित्रकाराने निराळ्या कोनातून घेतलेली चित्रफीत अनेक दशके अभ्यासकांच्या नजरेआड राहिली. 2021 मध्ये अमेरिकेतील ‘नोव्हा’ या विज्ञानमालिकेने ती प्रकाशात आणली आणि आगीच्या कारणांची नव्याने तपासणी झाली.

कॅमेऱ्याची उपस्थिती स्मृतीचीही वाटणी करते. ‘हिंडेनबर्ग’पूर्वी चार वर्षे, 4 एप्रिल 1933 रोजी, ‘अ‍ॅक्रन’ हे अमेरिकी नौदलाचे हवाई जहाज रात्री वादळात सापडून समुद्रात कोसळले. त्यावरील 76 पैकी 73 जण दगावले, म्हणजे ‘हिंडेनबर्ग’च्या दुप्पट. त्याही आधी, 5 ऑक्टोबर 1930 रोजी, ‘आर 101’ हे ब्रिटिश जहाज इंग्लंडहून कराचीला निघाले असता फ्रान्समध्ये बोव्हे शहराजवळ कोसळले. त्यात 48 जणांचा बळी गेला आणि त्यांत ब्रिटनचे हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन हेही होते. तेव्हाच्या हिंदुस्थानाला हवाई मार्गाने ब्रिटनशी जोडू पाहणारी ही मोहीम आज आपल्याकडेही फारशी कोणाला आठवत नाही. हे दोन्ही अपघात रात्रीच्या अंधारात घडले. तेथे कॅमेरा नव्हता, म्हणून माहितीपटांत त्यांच्या वाट्याला क्वचित एखादे वाक्य येते.

चित्रफितीच्या वेगाचा प्रश्न केवळ कलेपुरता राहत नाही, हे टॅकोमाच्या पुलाने दाखवून दिले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील हा झुलता पूल खुला झाल्यानंतर चारच महिन्यांनी, 7 नोव्हेंबर 1940 रोजी, वाऱ्यात पिळवटत कोसळला. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. मोटारीत अडकलेले एक कुत्रे मात्र मेले. हे दृश्य जगभरच्या अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्राच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या दाखवले गेले. मूळ चित्रण सेकंदाला 16 चौकटी या वेगाने झाले होते, परंतु प्रचलित प्रती 24 चौकटींच्या वेगाने चालतात. परिणामी प्रत्यक्षात मिनिटाला सुमारे 12 वेळा पिळवटणारा पूल पडद्यावर 18 वेळा पिळवटताना दिसतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी 2015 मध्ये याकडे लक्ष वेधले. याच दृश्याच्या आधारे शिकवले जाणारे साध्या अनुनादाचे स्पष्टीकरणही अपुरे आहे. वारा आणि पुलाची स्वतःची हालचाल परस्परांना बळ देत गेली आणि त्यातून पूल तुटला, असे आज मानले जाते. उद्याचे पूल बांधणारे विद्यार्थी ज्या दृश्यावरून शिकतात, त्याचा वेग चुकणे ही किरकोळ बाब म्हणता येणार नाही.

या साऱ्याचे भान राखणारे माहितीपटही झाले आहेत. 11 सप्टेंबर 2001 च्या न्यूयॉर्कमधील हल्ल्यावर 2008 मध्ये आलेल्या ‘102 मिनिट्स दॅट चेंज्ड अमेरिका’ या माहितीपटात निवेदक नाही. सामान्य नागरिकांनी आणि व्यावसायिकांनी टिपलेली दृश्ये घटनाक्रमाने लावली आहेत आणि प्रेक्षकाला त्या गोंधळात उभे केले आहे. अर्थात निवड येथेही आहेच. कोणता चेहरा दाखवायचा, कोणाचा अखेरचा क्षण वगळायचा, हे कोणीतरी ठरवलेलेच असते. ही निवड महत्त्वाची, कारण पडद्यावरील प्रत्येक मृताचे कोणीतरी आप्त होते आणि त्यांच्या शोकाची परवानगी कॅमेऱ्याने घेतलेली नसते.

आता तंत्रज्ञानाने आणखी एक पेच निर्माण केला आहे. संगणक जुन्या दृश्यांत रंग भरतो, गहाळ चौकटी स्वतः रचून हालचाल सफाईदार करतो. दृश्य डोळ्यांना सुखावते, परंतु त्यातील काही भाग कोणत्याही कॅमेऱ्याने कधीच पाहिलेला नसतो. असा माहितीपट करणाऱ्यांनी मूळ काय आणि भर कोणती, हे पडद्यावरच सांगणे हा किमान प्रामाणिकपणा होय.

प्रेक्षकाच्या हातीही काही आहे. हे चित्र कोणी, कोठून घेतले? आवाज त्याच क्षणाचा आहे का? वेग मूळचा आहे का? आणि या चौकटीबाहेर काय राहिले? एवढे चार प्रश्न मनाशी ठेवले तर हे माहितीपट निव्वळ थरार न राहता इतिहासाची साधने होतील. ज्यांचे चित्रण झालेच नाही, अशा ‘अ‍ॅक्रन’ आणि ‘आर 101’वरील माणसांचीही त्यामुळे आठवण राहील.